झाकली मूठ आणि उघडं गणित

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता कोण, याचं अधिकृत उत्तर सर्वोच्च गटापुरतं एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेने आजवर दिलेलं नाही. १८६९मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला, तेव्हापासूनचे सगळे विजेते कुणी ना कुणी ठरवलेले आहेत. सुरुवातीचे तर कित्येक दशकांनी जुने निकाल चाळून जाहीर झाले. त्या वरातीमागच्या घोड्यांवर इथे शाई खर्चायची नाही. ठरवावं का लागतं, हे महत्त्वाचं. आज संघ सव्वाशेहून अधिक आणि प्रत्येकाच्या वाट्याला सामने बारा-तेरा. बहुतेक संघ एकमेकांसमोर येतच नाहीत, त्यामुळे न झालेल्या सामन्यांविषयी अनुमान करणं भाग पडतं. हे मान्य केलं की माणूस बरा की संगणक, हा वाद दुय्यम होतो. अनुमानाचा नियम आधी जाहीर केला होता का, एवढंच विचारायचं उरतं. या कसोटीवर पाहिलं, तर गेल्या शंभर वर्षांत आपण पुढे आलो असं म्हणवत नाही.

नियम आधी सांगण्याचा मान इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांचा. १९२६च्या हंगामात त्यांच्या कोष्टकाने स्टॅनफर्डला पहिलं ठरवलं. तगड्या संघाला हरवलं तर ३० गुण, कमकुवत संघाला हरवलं तर २०. हरणाऱ्यालाही थोडे गुण, पण समोरचा तगडा असेल तर अधिक. शेवटी बेरजेला सामन्यांच्या संख्येने भागायचं. शाळकरी पोरालाही पडताळता येईल असा हिशेब! नोट्र डेमचे प्रशिक्षक न्यूट रॉकनी यांच्या आग्रहावरून हेच कोष्टक १९२४पर्यंत मागे नेलं गेलं आणि त्यांच्या संघाची सोय झाली, हा डाग लपवायचं कारण नाही. पण तो डाग दिसतो, कारण गणित उघडं होतं.

१९३६पासून असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपीने पत्रकारांचं मतदान सुरू केलं आणि १९५०पासून प्रशिक्षकांचंही मतदान आलं. एपीचे क्रीडासंपादक अ‍ॅलन गूल्ड यांना दोन शनिवारांच्या मधल्या दिवसांत चर्चेला खाद्य हवं होतं, आणि ते भरपूर मिळालं. पण मतदानाची तऱ्हा बघा. प्रशिक्षकांनी १९७३मध्ये हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यांआधीच अलाबामाला विजेता करून टाकलं. मग शुगर बोलमध्ये नोट्र डेमने त्याला २४-२३ हरवलं. पुढच्या वर्षी मतदान बोलनंतर नेलं, म्हणजे वेळापत्रक सुधारलं. मतं कशावर बेततात, हे गूढच राहिलं. २००४च्या हंगामाआधीच्या एपी यादीत यूएससी पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि ऑबर्न सतरावा होता. तिघेही न हरता डिसेंबरात पोचले, आणि अंतिम सामना मिळाला पहिल्या दोघांना. ऑगस्टातली प्रतिष्ठा डिसेंबरपर्यंत पुरली.

अव्वल दोन संघांना समोरासमोर आणण्याच्या १९९२ ते १९९७ या काळातल्या कोअलिशन आणि अलायन्स या तडजोडी चटकन ओलांडू. त्याच कामासाठी १९९८ ते २०१३ चाललेल्या बीसीएस या पद्धतीत मात्र रेंगाळायलाच हवं, कारण तिथे मतदानाच्या जोडीला संगणकीय क्रमवाऱ्या आल्या. त्यातली खगोलभौतिकीचे अभ्यासक वेस्ली कॉली यांची रीत देखणी आहे. हंगामाच्या आरंभी प्रत्येक संघाचं मूल्य अर्धं. नावलौकिकाला शून्य किंमत. मग विजयांत १ मिळवायचा, सामन्यांत २ मिळवायचे आणि भागाकार करायचा. एक सामना जिंकलेल्याला पूर्ण १ मिळत नाही, दोन तृतीयांश मिळतात. एका विजयावरून अजिंक्यपद देऊ नये, हे शहाणपण त्या अपूर्णांकातच आहे. पुढे प्रतिस्पर्ध्यांची मूल्यं, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची मूल्यं, अशी सगळी समीकरणं एकत्र सोडवायची. किती गुणांनी जिंकलं याला महत्त्व नाही, त्यामुळे दुबळ्याला तुडवून फायदाही नाही.

संगणकांनी घोटाळे केले, असं काही पंडित आजही ऐकवतात. केलेच. २००१मध्ये आपल्या गटातलंही विजेतेपद न मिळालेला नेब्रास्का अंतिम सामन्यात गेला आणि मायामीकडून ३७-१४ हरला. पण दोष सूत्रात दिसला म्हणून पुढच्याच वर्षी विजयातला फरक हिशेबातून काढता आला. २०१०मध्ये कॉलींच्या आकडेमोडीत एक सामना राहून गेला आणि एलएसयू व बॉइसी स्टेट यांचे क्रमांक उलटसुलट झाले. ही चूक बाहेरच्या माणसाने पकडली, कारण सूत्र छापलेलं होतं. बंद खोलीतली चूक कोण पकडणार?

त्या बंद खोलीतली, बाद फेरीचे चार संघ निवडणारी तेरा जणांची समिती २०१४पासून आली आणि संगणक हद्दपार झाले. पहिल्याच वर्षी तिसऱ्या क्रमांकावरचा टीसीयू ५५-३ असा जिंकला आणि सहावा झाला. चौथा आलेला ओहायो स्टेट अजिंक्य ठरला, म्हणजे समितीची निवड अचूक, असं सांगतात. पण चौथा जिंकू शकतो तर सहावा का नाही? त्याच टीसीयूने पीच बोलमध्ये ओल मिसला ४२-३ धुतलं. २०२३मध्ये १३-० (तेरा विजय, एकही पराभव नाही) असलेला फ्लोरिडा स्टेट वगळला, कारण त्याचा क्वार्टरबॅक जायबंदी होता. नंतर हा संघ जॉर्जियाकडून ६३-३ हरला, हा दाखला उत्साहाने दिला जातो; कित्येक खेळाडूंनी त्या सामन्यातून अंग काढून घेतलं होतं, हे सांगायचं राहतं. मुळात समितीने पंचनामा सोडून भविष्य वर्तवलं. अजिंक्यपद हे झालेल्या खेळाचं फळ आहे, पुढच्या शक्यतेचं नव्हे.

आता बारा संघांची बाद फेरी आल्यावर म्हणतात, मैदानच निकाल देतं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? २०२४चा हंगाम बघा. ओरेगनने ऑक्टोबरात ओहायो स्टेटला ३२-३१ हरवलं आणि १३-० अशी मजल मारली. मग रोझ बोलमध्ये तोच ओहायो स्टेट ४१-२१ जिंकला. दोघांचा एकेक विजय, पण मोजला गेला नंतरचा. शेवटी ओहायो स्टेट १४-२ असा विजेता, ओरेगन १३-१ असा घरी. हा नियम आधी ठाऊक होता, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण बहुतेक संघांना त्या फेरीत घेतं कोण? तीच समिती. पाचव्या संघाचं भांडण तेराव्यापर्यंत सरकलं, एवढाच फरक.

म्हणून मागणी साधी आहे. समिती राहू दे, पण कोणत्या विजयाचं वजन किती आणि दुखापतीचं किती, हे तिने ऑगस्टमध्ये छापावं आणि डिसेंबरमध्ये त्याला बांधील राहावं. झाकल्या मुठीला सव्वा लाखाचा भाव मिळतो खरा, पण हिशेब मागणाऱ्यापुढे ती उघडावीच लागते. डिकिन्सन यांनी ती शंभर वर्षांपूर्वी उघडली होती.