घड्याळ कॅलरी मोजत नाही

संध्याकाळी फिरून आल्यावर मनगटावर ‘४०० कॅलरी’ असा आकडा दिसतो आणि त्याच्या भरवशावर रात्री एक पोळी जास्त घेतली जाते. तो आकडा मोजलेला नसतो, हे आधी समजून घेऊ.

गैरसमज : घड्याळ खर्च झालेली ऊर्जा मोजतं.

ते मोजतं मुख्यतः हालचाल. आतल्या चिपमध्ये सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला सिलिकॉनचा कण असतो. हात हलला की तो किंचित सरकतो, आणि त्यावरून तिन्ही दिशांतला वेगबदल कळतो. पुढचं काम सूत्राचं. वय, वजन, उंची आणि बहुतेक घड्याळांत हृदयाचे ठोके त्यात घातले की अंदाज निघतो. अशी बरीच सूत्रं प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर चालणाऱ्या माणसांचा श्वास तपासून बांधलेली आहेत. त्यामुळे सपाट रस्त्यावरच्या चालण्याचा हिशेब बरा जमतो.

पण डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बाईचं काय? तिची पावलं संथ पडतात, श्रम मात्र वाढलेले असतात. ओझं सेन्सरला दिसतच नाही. सायकल चालवताना मांड्या भरून येतात, पण हँडलवरचं मनगट जवळजवळ स्थिर असतं. उलट, भाकऱ्या थापताना बसल्या जागी पावलं वाढू शकतात. अंगमेहनत करणाऱ्यांचे कष्ट असे नोंदीतून निसटतात, हे मला सर्वांत खटकतं.

गैरसमज : ठोके बरोबर दाखवतं, म्हणजे कॅलरीही बरोबरच.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी उपकरणं तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं, तर सर्वांत वाईट ९३ टक्के.

रोजच्या जगण्यात खर्च होणारी ऊर्जा मोजायची विश्वासाची रीत वेगळीच आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायला देतात. पुढचे एक-दोन आठवडे हे अणू लघवीतून किती वेगाने कमी होतात ते तपासतात. ऑक्सिजन पाण्याबरोबरच कार्बन डायऑक्साइडमधूनही बाहेर पडतो, हायड्रोजन फक्त पाण्यातून. दोन्हींच्या फरकावरून श्वासावाटे गेलेला कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरून ऊर्जा काढतात. खर्चिक काम आहे, पण रोजच्या जगण्यातल्या खर्चासाठी घड्याळांची परीक्षा याच कसोटीवर होते.

गैरसमज : दहा हजार पावलं हा वैद्यकीय नियम आहे.

हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पाऊलमापकाच्या नावातला. ‘मानपो-केई’ म्हणजे दहा हजार पावलांचा मापक.

मग पट्टा काढून ठेवायचा का? मुळीच नाही. ब्रिटनमधल्या ‘यूके बायोबँक’ या आरोग्य-संशोधन प्रकल्पाने २०१३ ते २०१५ दरम्यान सुमारे एक लाख लोकांच्या मनगटावर आठवडाभर सेन्सर बांधला, तो कॅलरीसाठी नव्हे, हालचालीच्या नोंदीसाठी. आपणही तेच करावं. घड्याळ नेहमी एकाच हातावर ठेवून या आठवड्याची पावलं आपल्याच मागच्या आठवड्याशी ताडून पाहावीत, आणि पोळीचा निर्णय भुकेवर सोडावा.