एका फोटॉनचा सूर जुळवायचा कसा?

मागच्या भागानंतर मेहकरच्या एका श्रोत्यानं विचारलं, "एकेक फोटॉन सोडता येतो ना, मग तो अणूशी 'जुळवावा' का लागतो?" प्रश्न नेमका आहे, आज तोच घेऊ.

समजा, मेहकरहून नागपूरला गुप्त संदेश पाठवायचाय. तीनशे किलोमीटर फायबर धरा. टेलिकॉमचा उत्तम फायबर असला, तरी लाखातला एखादाच फोटॉन पोचतो. वाटेत अ‍ॅम्प्लिफायर लावावा म्हटलं, तर एकट्या फोटॉनची हुबेहूब नक्कल काढता येत नाही. म्हणून वाटेत मुक्काम हवेत. फोटॉन घेऊन जपून ठेवणारी अणूंची 'स्मृती' हवी.

पण अणू हट्टी! रुबिडियमला 780.24 नॅनोमीटरचाच प्रकाश लागतो. त्या प्रकाशाची कंपनं सेकंदाला सुमारे 384 लाख कोटी, आणि चालणारी रुंदी फक्त साठ लाख. म्हणजे साडेसहा कोटींत एका भागाइतकी अचूकता.

एकेक फोटॉन देणारा क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा अतिसूक्ष्म कण. प्रत्येकाचा रंग जरा वेगळा. मग भजनाआधी पखवाज लावतात तसं करायचं. पखवाजाचे गठ्ठे ठोकून वाद्यांचा ताण बदलतात. इथं डॉटखालच्या पिझो क्रिस्टलला व्होल्टेज देऊन डॉट ताणतात. शिवाय तापमान, विद्युत क्षेत्र, चुंबकीय क्षेत्र आहेच. 2011 मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी चुंबकीय क्षेत्रानं डॉट जुळवला आणि त्याचे फोटॉन रुबिडियमच्या वाफेत मंदावून दाखवले.

झालं का काम? नाही. सूर लागला तरी आवाज पसरट असू शकतो ना, तसंच. डॉट पाव नॅनोसेकंदात फोटॉन सोडून मोकळा होतो, रुबिडियमला 26 नॅनोसेकंद लागतात. घाईनं सुटलेला प्रकाश रंगात पसरतो. तो अणूच्या रुंदीपेक्षा शंभरेक पट पसरट असतो, त्यामुळे बहुतेक भाग अणूला लागतच नाही. यावर एक उपाय म्हणजे खास क्रिस्टल आरशांमध्ये ठेवून मुळातच अरुंद फोटॉन तयार करणं. त्यात फोटॉन नेमका कधी येईल हे मात्र सांगता येत नाही.

2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये 2,000 किलोमीटरपर्यंतच्या सुरक्षित संवादाचं उद्दिष्ट आहे. तिथं पोचायला असे मुक्काम उपयोगी पडू शकतात, आणि अशा प्रत्येक मुक्कामी आधी हा सूर जुळावा लागेल.

प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!