पॅरिसची अंधशाळा आणि लिपीचा प्रश्न

अंधशिक्षणाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा १७८५ पासून मानला जातो. त्या वर्षी व्हालांतँ आवी यांनी पॅरिस येथे अंध मुलांसाठी शाळा स्थापिली. अंधांस वाचावयास शिकविता येते हे सिद्ध करण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे. परंतु त्यांनी योजिलेली लिपी डोळसांचीच होती. जाड कागदावर उठविलेली रोमन अक्षरे विद्यार्थी बोटांनी चाचपीत. ग्रंथ अवजड होत, वाचन मंद चाले. लेखन तर दुष्करच होते. सोय होती ती शिक्षकांची, कारण त्यांना ही अक्षरे डोळ्यांनी वाचता येत.

लुई ब्रेल हे १८१९ मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी, या शाळेत आले. पुढे शार्ल बार्बिये या माजी सैनिकी अधिकाऱ्याची उठावाच्या टिंबांची लेखनपद्धती शाळेपुढे आली. तीत एका चिन्हात बारापर्यंत टिंबे असत. बोटाच्या अग्राखाली ती एकदम मावत नसत. शिवाय ती केवळ ध्वनींची लिपी असल्याने शुद्धलेखनास तीत जागा नव्हती. ब्रेल यांनी टिंबे सहावर आणली. त्यांपासून त्रेसष्ट चिन्हे सिद्ध होतात व प्रत्येक चिन्ह एका स्पर्शात कळते. हा केवळ संख्येचा संक्षेप नव्हे. अक्षराचे माप डोळ्याऐवजी बोटाने ठरले, हे त्यातील मर्म होय. विद्यार्थी आता स्वतः टिपणे काढू शकत होता.

ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. (तो ग्रंथही उठावाच्या रोमन अक्षरांतच होता!) १८४० मध्ये अनुकूल संचालक पिन्ये यांना पद सोडावे लागले, नवे संचालक द्युफो यांनी या लिपीस मनाई केली. अंध व डोळस यांच्यात लिपीचा आडपडदा नसावा, हा डोळस शिक्षकांचा आक्षेप दिसण्यास उदार होता. पण त्याची किंमत विद्यार्थ्यास मोजावी लागे. मुले चोरून टिंबे टोचीतच राहिली. अखेर १८४४ मध्ये, नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी, या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये; ब्रेल १८५२ मध्येच निवर्तले होते.

भारतात निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत असत. १९५१ मध्ये सर्वांसाठी ‘भारती ब्रेल’ निश्चित झाली आणि मराठीनेही तीच स्वीकारली. तीत चिन्ह ध्वनीस अनुसरते, अक्षराच्या आकारास नव्हे. त्यामुळे मराठी व बंगाली ‘क’ डोळ्यांना भिन्न दिसला तरी बोटांना एकच लागतो. आणि तो ब्रेल यांच्या ‘के’चाच आहे.