मागे समुद्र दिसतो म्हणून

माझं घर पेडणे तालुक्यात, हरमलला. पुण्याच्या ऑफिसात हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "मजा आहे बुवा तुझी!" मीही हसून सोडून द्यायचो. त्या वाक्याची किंमत मला २०२१ साली कळली.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखा मीही घरून काम करू लागलो. घर म्हणजे हरमलचं. खिडकीकडे पाठ करून बसलं की उजेड चांगला यायचा, म्हणून टेबल तिथे मांडलं. कॅमेरा सुरू केला की माझ्या मागे माड आणि माडांमधून समुद्राची निळी पट्टी दिसायची. रोज कोणीतरी विचारायचं, "सुट्टीवर आहेस का रे?"

वर्षअखेरीस अप्रेझल झालं. साहेब म्हणाले, "काम ठीक आहे, पण तू जरा सैलावल्यासारखा वाटतोस." मी कामांची यादी समोर ठेवली. सगळी कामं वेळेत झाली होती, दोन तर जास्तीची होती. "तसं बोट दाखवता येणार नाही," ते म्हणाले, "एकूण वाटतं." त्या 'वाटण्या'मुळे माझी श्रेणी एक पायरी खाली आली आणि पगारवाढही तेवढीच कमी झाली.

दुसऱ्या दिवशी मी टेबल फिरवलं. मागे पांढरी भिंत आली. माणूस तोच, कामाचे तासही तेच. पण सुट्टीचे विनोद थांबले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली नेमकी हीच गोष्ट मांडली होती. सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव अशा वेगवेगळ्या गुणांसाठी वेगवेगळे गुणांक देत. थॉर्नडाइकना दिसलं की हे गुणांक एकमेकांशी अवाजवी जुळतात. एका बाबतीत छाप चांगली पडली की बाकीच्या रकान्यांतही माणूस चांगला ठरतो. याला त्यांनी 'हेलो', म्हणजे देवाच्या चित्रातल्या डोक्यामागच्या तेजोवलयाचं नाव दिलं. माझ्या डोक्यामागे तेजोवलयाऐवजी समुद्र होता, एवढाच फरक.

आम्हा गोंयकारांना हे वलय जन्मतःच चिकटतं. 'सुशेगाद' हा मूळ पोर्तुगीज शब्द. त्याचा अर्थ शांत, निवांत. बाहेरच्या माणसाने त्याचा अर्थ आळशी असा करून घेतला. हरमलच्या किनाऱ्यावर सकाळी अकराला होडीच्या सावलीत झोपलेले रापणकार दिसतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि म्हणतात, "काय आयुष्य आहे!" हेच लोक पहाटेच्या अंधारात पाण्यात उतरलेले असतात, ओलं जड जाळं हातांनी ओढून आणलेलं असतं. तेव्हा फोटो काढणारा अंथरुणात असतो. चूक डोळ्यांची नसते, पाहण्याची वेळ चुकलेली असते.

हे मी लहानपणापासून जाणतो. तरीही मी तेच केलं, हे सांगण्यासाठी हा लेख.

त्याच वर्षी माझ्या टीममध्ये एक नवी मुलगी आली होती. मीटिंगमध्ये तिचा कॅमेरा कायम बंद. विचारलं तर "नेटवर्क नाही, सर." दुपारच्या मेसेजला संध्याकाळी उत्तर. तिला कायम करण्याची वेळ आली तेव्हा मी शेरा लिहिला, 'गांभीर्य कमी वाटते.' वाटते! माझ्या साहेबांचाच शब्द. तिचं कायम होणं सहा महिने पुढे गेलं.

पुढे एका चुकीचा शोध घेताना मी तिच्या फाइल्सचा इतिहास उघडला. बदलांच्या वेळा होत्या पहाटे चार, पाच, साडेसहा. काम चोख होतं. ती चूकही दुसऱ्याच कोणाची निघाली. मी फोन केला. घरात एकच लॅपटॉप होता, दिवसा त्यावर धाकट्या दोन भावांची शाळा चालायची. "मला सांगायचं ना," मी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही फक्त कॅमेऱ्याबद्दल विचारलं होतं, सर."

मी माझा शेरा चुकीचा होता असं वरिष्ठांना लेखी कळवलं. ती कायम झाली, पण सहा महिन्यांनीच. गेलेले महिने मला परत देता आले नाहीत.

अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० नंतर वादक निवडताना मध्ये पडदा लावायला सुरुवात केली. वाजवणारा दिसत नाही, फक्त वाजवणं ऐकू येतं. ऑफिसात पडदा लावता येत नाही. पण शेरा लिहिण्याआधी त्या माणसाने केलेल्या कामांची यादी आपल्याला लिहिता येते. यादी आधी आणि मत नंतर, हा क्रम मी तेव्हापासून मोडलेला नाही. आणि 'वाटते' हा शब्द हाताखाली आला की थांबतो, स्वतःला विचारतो: मी या माणसाला कुठल्या वेळी पाहिलं?

तुमच्यापैकी अनेकजण आता टीम सांभाळत असतील, किंवा लवकरच सांभाळाल. कधी हरमलला आलात तर अकराला येऊ नका. पहाटे या.