समोरची खुर्ची

तालुक्याच्या गावातलं आमदारांचं संपर्क कार्यालय. सकाळचे साडेआठ वाजलेले. शटर नुकतंच वर गेलं होतं आणि पुसलेली फरशी अजून ओली होती. समोरच्या भिंतीवर शिवछत्रपतींची मोठी तसबीर, शेजारी फुले, शाहू, आंबेडकर आणि त्याखाली पक्षाच्या नेत्यांबरोबर काढलेले फोटो. काचेच्या कपाटात स्मृतिचिन्हांची दाटी होती: क्रिकेट स्पर्धेचं, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचं, गणेश मंडळाचं. मोठ्या टेबलामागे फिरती खुर्ची आणि तिच्या पाठीवर घडी न मोडलेला पांढरा टॉवेल.

गावच्या वाचनालयाच्या कामासाठी मी तिथे बसले होते. शेजारी साठी ओलांडलेल्या एक बाई होत्या. त्यांच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत संजय गांधी निराधार योजनेचे कागद होते. कार्यकर्ता म्हणाला, "बसा की मावशी." मावशी बसल्या, पण खुर्चीच्या अगदी कडेला. तासाभराने आमदार आले, सगळे उठून उभे राहिले. मावशींची पाळी आली. टेबल इतकं रुंद होतं, की कागद पुढे करताना त्यांचा हात पुरेना. शेवटी मध्ये उभ्या असलेल्या पीएने कागद घेतला आणि साहेबांपुढे ठेवला.

आमदार चांगलं बोलले, कामही मार्गी लावतो म्हणाले. माझ्या मनात मात्र तो न पुरलेला हात राहिला. तेव्हापासून नेत्यांच्या दालनांबद्दल मिळेल ते मी वाचत आले. या दालनांत माणसाचा स्वभाव दिसतो का, आणि दिसत असेल तर तो नेमका कुठे पाहायचा, हे मला समजून घ्यायचं होतं.

मांडलेलं आणि उरलेलं

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. अमेरिकन विद्यापीठांत काम करणारे मानसशास्त्रज्ञ सॅम गॉसलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी 2002 साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांनी 94 कार्यालयं आणि 83 निजायच्या खोल्या निवडल्या आणि त्या अनोळखी परीक्षकांना दाखवल्या. खोलीचा मालक तिथे नसायचा. परीक्षकांनी केवळ खोली पाहून त्याच्या स्वभावाचे अंदाज बांधायचे आणि संशोधकांनी ते अंदाज त्याच्या स्वतःच्या व त्याला जवळून ओळखणाऱ्यांच्या मतांशी ताडून पाहायचे, अशी पद्धत होती. माणसाला नव्या कल्पनांची ओढ किती आहे, हे खोलीवरून बरंच नेमकं ओळखता आलं. तो किती शिस्तशीर आहे, हेही काही प्रमाणात कळलं. माणूस दुसऱ्याशी किती मायेने वागतो, हे मात्र कार्यालय पाहून जवळजवळ कुणालाच सांगता आलं नाही.

खोलीतल्या खुणांचे गॉसलिंग वेगवेगळे प्रकार करतात. काही वस्तू आपण कोण आहोत हे जगाला सांगण्यासाठी मांडलेल्या असतात, काही स्वतःला आठवण राहावी म्हणून. आणि काही कुणी मांडतच नाही. त्या रोजच्या वागण्यातून मागे उरतात: झिजलेला गालिचा, पानं दुमडलेलं पुस्तक, न फोडलेली पाकिटं. मांडलेल्या गोष्टींवर आपला ताबा असतो, उरलेल्यांवर फारसा नसतो.

2008 साली डेना कार्नी, जॉन जोस्ट, गॉसलिंग आणि जेफ पॉटर यांनी राजकीय कल आणि खोली यांचा संबंध तपासला. परंपरावादी तरुणांच्या खोल्यांत कॅलेंडरं, टपाल तिकिटं, इस्त्रीची फळी अशा नीटनेटकेपणाच्या वस्तू आणि झेंडे जास्त आढळले. उदारमतवाद्यांच्या खोल्यांत नाना विषयांची पुस्तकं, नकाशे, चित्रकलेचं साहित्य जास्त होतं. पण ते अमेरिकेतले तरुण होते. त्यांचं माप आपल्या आमदार-खासदारांना जसंच्या तसं लावता येणार नाही.

आपल्या सरकारी कार्यालयात तर कोणत्या राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी लावायच्या, याची यादीच शासन ठरवून देतं. म्हणजे भिंतीचा मोठा भाग त्या खुर्चीत बसणाऱ्याने निवडलेलाच नसतो.

मला सगळ्यांत उपयोगी वाटला तो 1976 सालचा एक छोटा अभ्यास. रिचर्ड झ्वायगनहाफ्ट यांनी एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांच्या खोल्यांमध्ये टेबल कुठे आहे, एवढंच पाहिलं. वरच्या हुद्द्याच्या प्राध्यापकांनी आपल्या आणि विद्यार्थ्याच्या मध्ये टेबल ठेवलेलं असण्याची शक्यता जास्त होती. आणि टेबल मध्ये ठेवणाऱ्यांबद्दल विद्यार्थ्यांचं मत तुलनेने कमी चांगलं होतं. इथे भिंतीवरच्या चित्राचा प्रश्न नव्हता, प्रश्न टेबल कुठे ठेवलं याचा होता.

एकच खोली, अनेक माणसं

तुलना करायची तर खोली एक असावी आणि माणसं बदलावीत. व्हाइट हाउसमधलं ओव्हल ऑफिस हे असं ठिकाण आहे. आजची खोली 1934 साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या काळात तयार झाली. दर नवा राष्ट्राध्यक्ष पडदे, गालिचा, चित्रं, पुतळे आपल्या मनासारखे बदलून घेतो.

हॅरी ट्रुमन यांच्या टेबलावर लाकडी बैठकीवर बसवलेली एक छोटी पाटी असे. जबाबदारी इथे येऊन थांबते, ती पुढे ढकलली जाणार नाही, अशा अर्थाचं वाक्य भेटायला आलेल्याला दिसे. त्याच पाटीच्या मागच्या बाजूला, ट्रुमन यांच्या नजरेसमोर, आपण मिसूरीचे आहोत एवढंच लिहिलेलं होतं. एक बाजू जगासाठी, दुसरी स्वतःसाठी. गॉसलिंगना दोन प्रकार वेगळे करून सांगावे लागले, ते त्या पाटीच्या दोन बाजूंवर आयते सापडतात.

जॉन केनेडी यांच्या टेबलावर नारळाची करवंटी होती. 1943 मध्ये त्यांची पीटी-109 ही गस्तनौका बुडाली, तेव्हा मदतीचा निरोप त्यांनी करवंटीवर कोरला आणि सॉलोमन बेटांवरच्या बियुकु गासा आणि एरोनी कुमाना या दोघांनी तो पोहोचवला. ज्या करवंटीने माणसं वाचवली, तीच पुढे राष्ट्राध्यक्षांचे कागद दाबून ठेवत होती.

लिंडन जॉन्सन यांनी खोलीत तीन दूरचित्रवाणी संच शेजारी शेजारी बसवले आणि वृत्तसंस्थांची टेलिप्रिंटर यंत्रंही आणली. लोक आपल्याबद्दल या क्षणी काय बोलत आहेत, हे कळल्यावाचून या माणसाला चैन पडत नसे. ते सांगायला निराळ्या चरित्राची गरज उरत नाही.

रिचर्ड निक्सन यांनी वुड्रो विल्सन यांचं म्हणून एक टेबल मागवून घेतलं. पुढे कळलं, की ते वुड्रो विल्सन यांचं नव्हतंच. 1971 साली ओव्हल ऑफिसमध्ये गुप्त ध्वनिमुद्रण सुरू झालं, तेव्हा काही मायक्रोफोन त्याच टेबलात बसवण्यात आले. समोर बसलेल्याला थोर वारसा दिसत होता आणि त्याचा प्रत्येक शब्द टेबलाच्या लाकडात जमा होत होता. त्या ध्वनिफितींनीच 1974 साली निक्सन यांना पद सोडायला लावलं.

सजावटीवरून माणूस ओळखताना एक सावधगिरी हवी. केनेडी यांचं गाजलेलं रेझोल्यूट टेबल त्या दालनात आलं ते जॅकलिन केनेडी यांच्यामुळे. ब्रिटिश जहाजाच्या लाकडापासून बनवलेलं ते टेबल 1880 मध्ये राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेला भेट दिलं होतं. नोव्हेंबर 1963 मध्ये केनेडी टेक्ससच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या दालनात नवा लाल गालिचा आणि पांढरे पडदे लागत होते. ते पाहायला केनेडी परतले नाहीत. ती सजावट त्यांची म्हणावी, की पत्नीची, की सजावटकाराची?

चालायला लावणारी दालनं

बेनितो मुसोलिनी 1929 पासून रोममधल्या पलाझो व्हेनेझियाच्या एका प्रचंड दालनात बसत. दालन जवळजवळ रिकामं आणि टेबल पार पलीकडच्या टोकाला. दारातून आत आलेल्या माणसाला आपल्याच पावलांचा आवाज ऐकत तिथपर्यंत चालत जावं लागे. हुकूमशहा देशासाठी जागा आहे असं लोकांना वाटावं, म्हणून त्या खोलीचा दिवा रात्री उशिरापर्यंत जळत ठेवत.

हिटलरने यापुढची मजल गाठली. आल्बर्ट श्पेअर यांनी बांधलेलं बर्लिनचं नवं चॅन्सेलरी भवन जानेवारी 1939 मध्ये पूर्ण झालं. त्यातली संगमरवरी वीथी 146 मीटर लांब होती, व्हर्सायच्या आरसेमहालाच्या दुप्पट. तिच्या गुळगुळीत फरशीवर गालिचा घालायचा नाही असं ठरलं, कारण परदेशी वकिलांनी घसरड्या जमिनीवर जपून चालायला शिकावं असं हिटलरला वाटत होतं. श्पेअर यांनीच हे लिहून ठेवलं आहे. टेबलाच्या दर्शनी भागावर म्यानातून अर्धी उपसलेली तलवार जडवली होती. समोर बसणाऱ्याच्या अंगावर काटा यावा, हा हेतूही त्यांनी नोंदवला आहे.

दोघांनीही दालन आखताना भेटायला येणाऱ्याचाच विचार केला होता. तो किती चालेल, कुठे अडखळेल, कशाकडे पाहून घाबरेल, याचा. तसबिरी खोटं बोलू शकतात. दारापासून टेबलापर्यंतचं अंतर मात्र पायांनी मोजावं लागतं.

चटई आणि ग्रंथ

वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटी आहे. 1936 साली गांधीजी शेगावला राहायला आले. पुढे त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. माती, बांबू, लाकूड, देशी कवेलू एवढ्यावर ही कुटी उभी आहे. गांधीजींच्या शिष्या मीराबहन यांनी भिंतीवर मातीतच उठावदार ताडाची झाडं काढली आहेत. कुटीत उंच टेबल नाही. जमिनीवर बैठक, पाठीला टेकू आणि लिहायला बसकं मेज. समोर येणाऱ्यानेही जमिनीवरच बसायचं, मग तो शेजारच्या गावचा शेतकरी असो की काँग्रेसचा अध्यक्ष. दोघांची नजर एका पातळीवर येते. मधे अडथळा नाही, त्यामुळे कागद द्यायला हात सहज पुरतो.

जवळच्या बापू दफ्तरात टेलिफोनची पेटी आजही पाहायला मिळते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं, म्हणून तो बसवला होता. साम्राज्याची तार मातीच्या झोपडीपर्यंत आली, तरी झोपडीतली बैठक बदलली नाही. 1978 साली विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले आणि या कुटीने आपल्याला काय शिकवलं यावर आवर्जून बोलले.

हा साधेपणाही विचारपूर्वक मांडलेलाच होता, असं कुणी म्हणेल. ते खरंच आहे. गांधीजींना खुणांचं सामर्थ्य पुरतं ठाऊक होतं. पण भिंतीवरच्या तसबिरीची किंमत एकदाच मोजावी लागते. विदर्भाच्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षं जमिनीवर बसून काम करण्याची किंमत रोज मोजावी लागते. खोली पाहताना मी आता हेच विचारते: या मांडणीसाठी मालक स्वतः काय सोसतो आणि आलेल्याला काय सोसायला लावतो?

मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह निराळ्या वाटेने याच उत्तराजवळ नेतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1930च्या दशकात हे घर बांधलं ते ग्रंथांसाठी. कुटुंब खाली, ग्रंथालय आणि कार्यालय वर. त्यांना भेटायला जायचं तर हजारो पुस्तकांमध्ये शिरावं लागे. ज्या समाजाला अक्षरापासून शतकानुशतकं दूर ठेवलं, त्यातला माणूस जिना चढून ग्रंथांच्या मधोमध बसतो, ही त्या घराने केलेली मांडणी होती. आलेल्या माणसाला लहान करणारी दालनं असतात, तशी त्याची उंची वाढवणारीही असतात.

जवाहरलाल नेहरूंच्या टेबलावर दोन वस्तू असत: गांधीजींची छोटी मूर्ती आणि अब्राहम लिंकन यांच्या हाताची ब्राँझ प्रतिकृती. पाहुण्यांवर छाप पाडायला दिल्लीत पंतप्रधानांना इतर पुष्कळ साधनं होती. या दोन वस्तू रोज हाताशी राहाव्यात अशा होत्या, ट्रुमन यांच्या पाटीच्या मागच्या बाजूसारख्या.

रेक्झिन

वाचनालयाच्या कामासाठी मला त्या संपर्क कार्यालयात आणखी तीन-चारदा जावं लागलं. शेवटच्या खेपेला मी लवकर पोहोचले. दालन रिकामं होतं. भिंतीकडे लक्ष गेलं नाही. टेबलासमोर ओळीने ठेवलेल्या पाहुण्यांच्या खुर्च्या पाहत राहिले. त्या सगळ्यांचं रेक्झिन पुढच्या कडेला फाटलं होतं, आतला स्पंज डोकावत होता. पाठीचं रेक्झिन मात्र नव्यासारखं चकचकीत होतं. इतक्या वर्षांत या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांपैकी पाठ टेकवावी असं फारसं कुणाला वाटलंच नव्हतं.

ते कुणी मांडलेलं नव्हतं, ते उरलेलं होतं. त्या दालनात टांगलेल्या सगळ्या तसबिरींपेक्षा जास्त खरं त्या फाटलेल्या कडेवर लिहिलेलं होतं.