पस्तिशीनंतर एम.बी.ए. : करावे काय, आणि कोठे?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एम.बी.ए. ही अक्षरे आपल्या बाजारात एखाद्या मोठ्या गिरणीच्या मॅनेजरच्या कार्डावर तेवढी दिसत. आता भिवंडीच्या ग्रे कापडाच्या गाळ्यांमध्येही त्यांची चर्चा चालते. बारा-पंधरा वर्षे नोकरीत किंवा वडिलांच्या गादीवर काढलेला पस्तीस-चाळीसचा माणूस चहा पिता पिता विचारतो, "चाचा, एम.बी.ए. करून टाकू का?" आम्ही कापडाचे व्यापारी, शिक्षणतज्ज्ञ नव्हे. आमची शाळा उर्दू माध्यमात झाली. हिशेब शिकलो तो जमा, नफी, जरब, तकसीम असा. परंतु विचारणारे वाढत गेले, तेव्हा आम्ही संस्थांची माहितीपत्रके मिळवली, तेथे शिकून आलेल्यांना गाठले आणि त्यांच्याकडून जे समजले ते व्यापारी व कारागीर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. नोकरी करणाऱ्याचा प्रश्न वेगळा आणि दुकान किंवा कारखाना चालवणाऱ्याचा वेगळा. नोकरदाराला पदवीचा कागद लागतो. अमुक पदापुढे बढती हवी तर एम.बी.ए. पाहिजे, असा कित्येक कंपन्यांत लेखी नाही तरी पाळला जाणारा नियम असतो. उलट मुळजी जेठा मार्केटमध्ये माल घेणारा कोणीही तुमचे प्रमाणपत्र मागत नाही. तो कापडाला हात लावतो, भाव विचारतो आणि उधारी किती दिवसांची ते पाहतो. म्हणजे धंदेवाल्याला हवी असते ती विद्या, कागद नव्हे. आणि विद्या मिळण्याचे रस्ते पदवीपेक्षा पुष्कळ अधिक आहेत, स्वस्तही आहेत.

नोकरदाराचा हिशेब आधी मांडून पाहू. समजा महिना पन्नास हजार पगार आहे. नोकरी सोडून दोन वर्षे पूर्णवेळ शिकायचे तर बारा लाखांचा पगार गेला. फी, राहणे, पुस्तके मिळून तेरा लाख धरा. एकूण पंचवीस लाख. पुढे पगार ऐंशी हजार झाला तर महिन्याला तीस हजार, वर्षाला तीन लाख साठ हजार जास्त. पंचवीस लाख वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षे लागली. छत्तिसाव्या वर्षी गेलेला माणूस अडतिसाव्या वर्षी बाहेर पडतो आणि पंचेचाळिसाव्या वर्षी बरोबरीत येतो. मधल्या दोन वर्षांत जुन्या नोकरीत मिळाली असती ती वाढ यात धरलेलीच नाही. आता हाच मनुष्य नोकरी न सोडता सायंकाळी शिकला, फी चार लाख पडली आणि पगारवाढ निम्मीच म्हणजे पंधरा हजार मिळाली, तरी सव्वादोन वर्षांत पैसे निघतात. आकडे प्रत्येकाने आपले घालावेत, पण हिशेब कागदावर करावा. तोंडी हिशेबात गमावलेला पगार नेहमी विसरला जातो.

धंदेवाल्याचे गणित याहून निराळे. एका गाळ्याची वर्षाची विक्री दोन कोटी चाळीस लाख आहे, म्हणजे महिन्याला वीस लाख, असे धरा. उधारी सरासरी चार महिन्यांनी वसूल होत असेल, तर ऐंशी लाख बाजारात अडकले. तीच तीन महिन्यांवर आणली तर वीस लाख रुपये मोकळे होतात. एखाद्या बऱ्या संस्थेची सगळी फी त्यात निघेल! खेळत्या भांडवलाचे हे प्रकरण एम.बी.ए.च्या पुस्तकात एक धडा आहे. तो समजायला दोन वर्षे लागत नाहीत. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती दिवसांचे किती अडकले आहे याचा तक्ता दर पंधरवड्याला करण्याची शिस्त लागते. लहान कारखानदाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, चुकते न केल्यास तो खर्च त्या वर्षी आयकरात धरला जाणार नाही, असा नियम २०२४ साली लागू झाला तेव्हा कापडबाजारात एकच गोंधळ उडाला होता. ज्यांच्याकडे असा तक्ता होता त्यांना कोणाचे किती द्यायचे हे एका तासात सांगता आले. बाकीच्यांचे मेहताजी रात्र रात्र वह्या उलटत बसले.

कारागिराचीही तीच कथा. सोळा मागांचा मालक मजुरीवर कापड विणतो आणि पिकाच्या दराने पैसे घेतो. वीज, कामगारांची मजुरी, कांडी भरणे, तेल, सुटे भाग हे सर्व तो मोजतो. शेड स्वतःची म्हणून भाडे धरत नाही, मागाची झीज धरत नाही, आणि स्वतः दहा तास उभा राहतो त्याची मजुरी तर कधीच धरत नाही. त्यामुळे नफा दिसतो तो पुष्कळदा त्याची स्वतःचीच न घेतलेली मजुरी असते. हे समजून घेण्यासाठी परिव्यय हिशेब, ज्याला सर्वजण कॉस्टिंग म्हणतात, तेवढे शिकले तरी पुरे. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या मोफत शिक्षणाच्या व्यवस्थेवर, जी २०१७ साली सुरू झाली, व्यवस्थापनाचे विषय आहेत आणि त्यांचे संयोजन बंगळूरची आय.आय.एम. करते. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच फी. मराठीतून शिकायचे असेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे, म्हणजे एम.सी.ई.डी.चे, वर्ग आहेत.

मग धंदेवाल्याने एम.बी.ए. कधीच करू नये काय? असे आमचे म्हणणे नाही. एक फायदा असा आहे की जो पुस्तकात मिळत नाही. आपली उठबस बहुधा आपल्याच बिरादरीत, आपल्याच पेठेत. वर्गात शेजारच्या बाकावर एखाद्या निर्यात कंपनीचा खरेदी अधिकारी बसतो, बँकेचा माणूस बसतो, औषधवाला बसतो. दोन वर्षे सोबत गटात काम केले की एका फोनवर ओळख लागते. ज्याला मजुरीचे विणकाम सोडून स्वतःच्या नावाचा माल बाहेर पाठवायचा आहे, त्याला या ओळखींची किंमत कळते. तशी उडी घ्यायची नसेल, वडिलांचा चालू धंदा नीट करायचा असेल, तर आमच्या मते एक-दोन विषय शिकावेत आणि गादी सोडू नये.

आता कोठे, याचा विचार करू. सर्वांत वरची पायरी आय.आय.एम.ची. अहमदाबादच्या आय.आय.एम.ने अनुभवी लोकांसाठी एक वर्षाचा पूर्णवेळ, तेथेच राहून करावयाचा अभ्यासक्रम २००६ साली सुरू केला. बंगळूर व कलकत्त्यालाही तसे आहेत. प्रवेशाला जीमॅटसारखी इंग्रजी परीक्षा आणि खर्च तीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर. हे मोठ्या पगाराच्या नोकरदारासाठी आहे. महाराष्ट्रात नागपूरला २०१५ पासून आय.आय.एम. आहे आणि पवईची जुनी नीटी ही संस्था २०२३ साली आय.आय.एम. मुंबई झाली. या संस्था कामावरील लोकांसाठी लहान अभ्यासक्रमही चालवतात. मात्र लक्षात ठेवावे की तीन किंवा सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला आय.आय.एम.चे प्रमाणपत्र मिळते, एम.बी.ए. नाही. जाहिरातीत मोठी अक्षरे संस्थेच्या नावाची असतात, 'प्रमाणपत्र' हा शब्द खाली बारीक छापतात.

मुंबईत नोकरी करणाऱ्यांसाठी सायंकाळचे वर्ग पूर्वापार चालत आले आहेत. चर्चगेटचे जमनालाल बजाज (१९६५ची संस्था), माटुंग्याचे वेलिंगकर, विद्याविहारचे सोमय्या ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. दादर-अंधेरीच्या माणसाला हे सोयीचे. भिवंडी किंवा मुंब्र्याच्या माणसाने मात्र प्रवेश घेण्यापूर्वी एक आठवडा ऑफिसातून थेट त्या कॉलेजच्या दारापर्यंत जाऊन, रात्री नऊनंतर परत फिरून, घरी किती वाजता पोहोचतो ते पाहावे. दोन-तीन वर्षे हे झेपेल काय, याचे उत्तर कोणतेही माहितीपत्रक देणार नाही.

घरचा धंदा असणाऱ्यांसाठी अंधेरीच्या एस. पी. जैन संस्थेचा कौटुंबिक उद्योगाचा अभ्यासक्रम आम्हाला सर्वांत शहाणपणाने आखलेला वाटला. १९९७ पासून तो चालू आहे. महिन्यातून साधारण एक आठवडा वर्गात बसायचे आणि उरलेले दिवस आपल्याच धंद्यात काढायचे. वर्गात जे शिकवले ते लगेच आपल्या खातेवहीवर लावून पाहता येते. फी लाखांतच आहे, तेव्हा लहान गाळेवाल्याने उधारीचा तक्ता आधी करावा, मग तिकडे पाहावे.

ज्याला गाव सोडता येत नाही त्याला मुक्त विद्यापीठ आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची (इग्नू, १९८५) एम.बी.ए. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येते. सर्व मिळून खर्च साठ-सत्तर हजारांच्या घरात आणि तोही सत्रागणिक भरायचा. व्याजाचे कर्ज नको असलेल्या कुटुंबाला ही मोठी सोय. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातही (१९८९) एम.बी.ए. आहे. सूनबाई, लेकी ज्या घरातून जरीचे किंवा शिवणकामाचे काम सांभाळतात, त्यांनाही हा रस्ता खुला आहे, हे बापांनी आणि शोहरांनी ध्यानात घ्यावे. दूरशिक्षणाची पदवी कमी दर्जाची असे अजून पुष्कळ लोक समजतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यू.जी.सी.ने, सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले की मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. आखाती देशात जाणाऱ्यांनी मात्र तेथील मालकाकडून आधी लेखी विचारून घ्यावे, कारण तिकडचे नियम तिकडचे असतात.

उर्दू माध्यमाच्या बांधवांना धास्ती इंग्रजीची. ती खोटी नाही. पुस्तके इंग्रजीत आणि प्रश्नपत्रिकाही बहुधा इंग्रजीतच. हैदराबादच्या मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटीत (१९९८) एम.बी.ए. आहे, पण त्यासाठी धंदा सोडून हैदराबादला राहणे आले. आमचा अनुभव असा की आकड्यांचे विषय आपल्या मुलांना जड जात नाहीत, लांबलचक उदाहरण वाचून त्यावर चार पाने लिहिणे जड जाते. प्रवेशापूर्वी सहा महिने इंग्रजी वर्तमानपत्राचे व्यापाराचे पान रोज वाचून त्यावर दहा ओळी लिहिल्या तर बरीच भीती जाते.

फसवणुकीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पदवीधर झाल्याशिवाय एम.बी.ए.ला प्रवेश नाही. दहावी-बारावीवर 'डायरेक्ट एम.बी.ए.' देणारा मनुष्य कागद विकतो आहे असे समजावे; अशा बांधवांनी आधी मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करावे. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आय.आय.एम.सुद्धा २०१७चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत असत. खासगी संस्था पी.जी.डी.एम. ही पदविका देतात, तिला ए.आय.सी.टी.ई.ची मान्यता आहे की नाही ते पाहावे. यू.जी.सी. बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते, तीही पाहावी. २०२४ साली तर 'दहा दिवसांत एम.बी.ए.' अशा जाहिरातींविरुद्ध यू.जी.सी.ला जाहीर इशारा द्यावा लागला. आमच्या परिचयातील एका गृहस्थाने कोण्या परदेशी विद्यापीठाच्या नावाने भरपूर पैसे भरून पदवी घेतली. बाहेरच्या नोकरीसाठी ती साक्षांकित करायला नेली तेव्हा कोणीही शिक्का मारीना. पैसे गेलेच, नोकरीही गेली.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात नसते आणि घरात कोणी काढत नाही. सामाईक धंद्यात एक भाऊ शिकायला गेला, तर फी कोणाच्या खात्यावर? दुकानाच्या म्हणावी तर बाकीच्या भावांचा पैसा त्यात आहे. शिकून तो गादीवर परत आला तर ठीक, नोकरीला निघून गेला तर? आणि त्या काळात उधारी वसुलीला कोण फिरणार, त्याचा वाटा तोच राहणार की कमी होणार? आम्ही असे एक घर पाहिले आहे की ज्यात पदवी मिळाली आणि भागीदारी तुटली. प्रवेशअर्जाआधी भावाभावांनी बसून एका कागदावर हे लिहावे आणि दोन बुजुर्गांच्या सह्या घ्याव्यात. सख्ख्या भावाकडून काय लिहून घ्यायचे, अशी शरम अशा वेळी धरू नये.

वेळापत्रकाचेही पाहावे. कॅट परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीस असते, दिवाळीच्या हंगामाला लागूनच. इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै या दोन सत्रांचे, परीक्षा जून आणि डिसेंबरच्या. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत सध्या थंडीच्या दिवसांत आला आहे, त्यामुळे जानेवारीत प्रवेश घेतलेल्या कापडवाल्याची पहिली परीक्षा ईदची विक्री आटोपल्यावर येते. जुलैत घेतला तर ऐन दिवाळीच्या गर्दीत पुस्तक उघडावे लागेल.