पुन्हां पाहिलेला चित्रपट

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, लहानपणीं ज्या गोष्टीनें आपण थक्क झालों, ती उतारवयांत पुन्हां पाहावी काय? पुष्कळांचें मत असें कीं, पाहूं नये. लहानपणींचे डोंगर मोठेपणीं टेकाडें ठरतात, आणि हातीं निराशा तेवढी येते. मीही याच मताचा होतों. तें मत मला कां सोडावें लागलें, हें आज एका चित्रपटाच्या आधारानें सांगावयाचें आहे.

तो चित्रपट म्हणजे प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’. १९३६ सालीं तो निघाला. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते, आणि जिजाईची भूमिका गौरी यांनीं केली होती. मुंबईस तो एकाच चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला. माझा जन्म त्यानंतर दोन तपांनीं झाला. परंतु यात्रेंतल्या तंबूंतून तो पुढेंही वर्षानुवर्षें दाखवीत असत. आठव्या वर्षीं मीं तो तसाच पाहिला. पुरुष एका बाजूस, बायका दुसऱ्या बाजूस, आणि आम्ही मुलें अगदीं पुढें मातींत. पडद्यावर तुतारी फुंकणारी स्त्री दिसली कीं सारा तंबू चिडीचूप होई. इंद्रायणींतून वह्या वर आल्या तेव्हां आम्ही हात जोडले. शेवटीं तुकोबांना घेऊन विमान वर चढलें, तेव्हां मीं धांवत तंबूबाहेर येऊन आभाळाकडे पाहिलें. तें अजून दिसेल, अशी माझी खात्रीच होती.

या आश्चर्याचें स्वरूप काय? चित्रपटाच्या फितींत हालचाल मुळींच नसते. दर सेकंदास चोवीस स्थिर चित्रें पडद्यावर येतात, आणि दोन चित्रांच्या मध्यें क्षणमात्र अंधार असतो. तो अंधार डोळ्यांस जाणवत नाहीं. तुटक चित्रें सांधून मेंदू त्यांतून चालता बोलता मनुष्य उभा करतो. म्हणजे कांहीं काम यंत्र करतें, आणि उरलेलें पाहणारा करतो. इतकें मोठ्यांच्या बाबतींतही घडतें. पण मूल तेवढ्यावर थांबत नाहीं. पडद्यावर जें कमी असेल तें तें आपल्या पदरचें घालतें. घडविलेल्या ढगांचें तें आभाळ करतें, आणि मग त्या आभाळाचा शोध घ्यावयास बाहेर धांवतें.

पुढें मॅट्रिक होऊन मीं शिक्षकी पत्करली. एके दिवशीं चौथीच्या वर्गांत एका मुलानें उठून याच विमानाची हकीकत मोठ्या उत्साहानें सांगितली. मीं लगेच खडू घेतला, फळ्यावर आकृति काढली, आणि दोन निरनिराळीं चित्रें एकाच फितीवर उतरवून असे चमत्कार कसे घडवितात, हें सर्व वर्गास समजावून दिलें. माझें सांगणें खोटें नव्हतें. मुलगा खालीं बसला. त्या वर्षांत त्यानें पुन्हां आपण होऊन कांहीं सांगितलें नाहीं. त्या दिवशीं मला माझ्या ज्ञानाचा अभिमान वाटला होता. आज तो प्रसंग आठवला कीं मान खालीं जाते. न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर मीं त्याच्या माथीं मारलें होतें.

दोन वर्षांपूर्वीं माझी पत्नी निवर्तली. त्यानंतरच्या दिवाळींत माझी नात सुट्टीस आली, आणि माझ्या मुलानें तिच्यासाठीं घरच्या दूरदर्शन संचावर हाच चित्रपट लावला. मी वर्तमानपत्र घेऊन बाजूस बसलों होतों. विमान कारागिरानें घडविलेलें आहे, हें मला आतां स्वच्छ दिसत होतें. इतक्यांत नातीनें विचारलें, “आजोबा, जिजाई कां नाहीं गेली विमानांत?”

मला चटकन् उत्तर सुचेना. लहानपणीं जिजाई आम्हांस केवळ कजाग बाई वाटे. मुलाच्या दुखण्यानें संतापून ती वहाण हातीं घेऊन विठोबाच्या देवळांत शिरते, तेव्हां सारा तंबू हंसला होता. मीही हंसलों होतों. आतां दिसलें कीं चूल, मुलें, म्हैस हा सगळा भार त्या एकटीवर आहे, आणि तिचा धनी हातीं आलेलें वाटून टाकणारा आहे. मास्तरकीच्या पगारांत घर चालविणारी एक बाई माझ्याही घरांत चाळीस वर्षें होती. मी वाचनालय, गांवचीं कामें आणि परक्या मुलांच्या फुकट शिकवण्या यांत गुंतलेला असें. ती मधूनमधून रागावे, आणि तो राग मलाही कजागपणाच वाटे.

नातीला मीं एवढेंच सांगितलें, “मुलांना जेवायला कोण वाढणार होतं, बाळ?”

ती क्षणभर विचार करून म्हणाली, “मग विमानानं थांबायला हवं होतं.”

श्रोतेहो, आठव्या वर्षीं मी विमान पाहून थक्क झालों होतों. सहासष्टाव्या वर्षीं विमानाखालीं मागें राहिलेल्या बाईला पाहून थक्क झालों. चित्रपट तोच होता, फीतही तीच होती. मात्र या खेपेस पदरचें घालावयास माझ्यापाशीं अधिक कांहीं होतें.

जाणल्यानें नवल मरतें, ही समजूतही तेव्हांपासून मीं टाकली. या चित्रपटांत बीज आणि अंकुर यांविषयींचें एक पद आहे. कित्येक वर्षें तें मीं तुकोबांचा अभंग म्हणून मुलांकडून पाठ करून घेतलें. तें वस्तुतः शांताराम आठवले यांनीं चित्रपटाकरितां रचलें, हें मला फार उशिरां कळलें. आधीं ओशाळलों, मग वाटलें, तीनशें वर्षांपूर्वींच्या वाणीशीं एखाद्यानें इतकें एकरूप व्हावें, हें काय कमी नवल? अंकुरावरूनच आठवलें: दादासाहेब फाळके यांनीं १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’पूर्वीं कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाचीं चित्रें दिवसांमागून दिवस घेतलीं, आणि तें रोप पडद्यावर पाहतां पाहतां वाढतांना दाखविलें. ही युक्ति मीं नातीस तिनें विचारल्यावर सांगितली. दुसऱ्या दिवशीं तिनें वाटाणे मागून घेतले आणि कुंडींत पेरले.

तेव्हां माझें सांगणें इतकेंच. लहानपणीं आवडलेला चित्रपट घरच्या मुलांबरोबर एकदां अवश्य पाहावा. युक्ति ठाऊक असली तरी विचारल्याखेरीज सांगूं नये. आणि त्या वयांत आपण ज्याला हंसलों किंवा ज्याच्याकडे पाहिलेंच नाहीं, त्या पात्रावर या खेपेस नजर ठेवावी. मला जें समजलें तें उशिरां समजलें. ज्यांच्या घरीं सांगावयास अजून कोणी आहे, त्यांनीं उशीर करूं नये.